पाइप जिथं संपतो

१ मे
ग्रामसभेत आज सगळा जोर भुयारी गटारावर. वरच्या आळीला झालं, खालच्या आळीला कधी? मागणी रास्तच आहे. उघड्या गटारावरून उड्या मारत पोरं शाळेत जातात. मी एवढंच विचारलं, की वरच्या आळीचा पाइप संपतो कुठं? ओढ्यात. ओढा पुढं मीना नदीला मिळतो. आळीतला वास गेला, पाणी मात्र होतं तसंच नदीत गेलं.

४ मे
बंधाऱ्यावर गेले. जलपर्णीनं पाणी दिसत नाही. मीना आणि कुकडी घोड नदीला मिळतात, घोड भीमेला, आणि पुढं उजनी धरण. तेच पाणी सोलापूरकर पितात. आमच्या मोऱ्यांचा साबण कुठवर जातो, हे सभेत नकाशा लावून दाखवायला हवं.

९ मे
जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे पाच माणसांच्या घरात २७५ लिटर, आणि त्यातलं बहुतेक मोरीतून बाहेर येतं. डोक्यावर हंडे होते तेव्हा एवढं सांडपाणी नव्हतंच. नळ दारात आले याचा मला मनापासून आनंद आहे. त्याच्या जोडीला निचऱ्याचा विचार व्हायला हवा होता.

१४ मे
नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून गटारं बंद केली, डास हटवले. ते सांगितलं तर गावातले आबा म्हणाले, "ताई, काळ्या रानात पाणी जिरतं व्हय?" आबांचं म्हणणं खरं आहे. म्हणून दोन्हीकडं खड्डे खणून पाणी भरून ठेवलं. वरच्या अंगाला मुरूम, सकाळपर्यंत खड्डा कोरडा. ओढ्याकाठी काळी, तिथला खड्डा तसाच तुडुंब. एकच नमुना सगळ्या गावाला लावायचा हट्ट मी तरी धरणार नाही.

२२ मे
शेजारच्या काकूंच्या परसात पहिला खड्डा झाला. मधोमध वरच्या बाजूला भोकं पाडलेली टाकी, भोवती खाली मोठे दगड, वर बारीक खडी. गाळ टाकीत बसतो, वरचं पाणी भोकांतून जमिनीत जिरतं. टाकी अधूनमधून उपसावी लागते, नाहीतर खड्डा तुंबणारच. पिण्याच्या विहिरीपासून दहा मीटर तरी लांब, आणि फक्त मोरीचं पाणी. गोठा धुतलेलं पाणी यात सोडायचं नाही, ते उकिरड्याला किंवा गोबर गॅसला. संडासाला दोन खड्ड्यांची वेगळी सोय. काकूंनी कडेला अळू लावलाही.

६ जून
खालच्या आळीला दुसरा उपाय: पाइपच्या तोंडाशी आधी गाळ बसायची टाकी, मग खडीचा वाफा, त्यात कर्दळ. पाणी सावकाश सरकतं, खडीवरचे आणि मुळांपाशी वाढणारे जिवाणू घाण खातात. नागपूरच्या नीरीनं 'फायटोरिड' नावानं अशीच पद्धत विकसित केली आहे. विजेचा खर्च जवळजवळ नाही. जागा लागते, आणि गाळ काढायला कायमचा माणूस. मला काळजी या माणसाची आहे. उद्घाटनानंतर त्याचा पगार कोण लक्षात ठेवतं? वित्त आयोगाच्या निधीतला काही वाटा स्वच्छतेसाठी बंधित असतो. तिथूनच तरतूद मागायची.

२८ जून
दोन दिवस झड. काकूंच्या खड्ड्यात पन्हाळीचं पाणी शिरत होतं, ते चर मारून वेगळं काढलं. मासिक सभेसाठी ठराव लिहिला: खालच्या आळीत पाइप टाकायच्या आधी वाफ्याची जागा मोजून घ्यावी. सूचक मी. अनुमोदनाला आबा तयार आहेत.