न्यायबेले अंगडी

म्हैसूरमधल्या चामराजपुरमच्या आमच्या घरापासून न्यायालय चालत दहा मिनिटांवर आहे. पंचवीस वर्षं त्या आवारातले काळे कोट बाहेरूनच पाहिले. आत गेले ती तांदळापायी.

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाई एके सकाळी रिकामी पिशवी घेऊनच कामावर आल्या. ‘‘अक्का, नन्न हेसरे इल्ला.’’ माझं नावच नाही. रेशनच्या दुकानातलं यंत्र त्यांचं कार्ड रद्द झाल्याचं दाखवत होतं. कार्यालयात दोन खेपा झाल्या, पण कारण कुणी सांगेना.

आपण ‘स्वस्त धान्य दुकान’ म्हणतो, इथे त्याला ‘न्यायबेले अंगडी’ म्हणतात. न्यायाच्या भावाचं दुकान! पाटीवरचा तो ‘न्याय’ इतकी वर्षं मी नुसताच वाचला होता.

न्यायालयातल्या मोफत विधी सेवेच्या खोलीत एक तरुण वकीलबाई भेटल्या. उत्पन्नाचा दाखला शोधायला लागले, तर म्हणाल्या, ‘‘ठेवा तो. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्यातच आहे.’’

अर्ज लिहिता लिहिता त्यांनी मला राज्यघटना शिकवली. जनतेचं पोषण सुधारणं हे सरकारचं कर्तव्य, असं कलम ४७ म्हणतं. पण अशी तत्त्वं न्यायालयातून वसूल करता येत नाहीत, असं कलम ३७ सांगतं. मग २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ आणि सरकारी गोदामं धान्याने भरलेली, तेव्हा पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली ती कलम २१ घेऊन. उपाशी माणसाला जगण्याचा हक्क आहे म्हणायचं तरी कसं? त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला आदेश निघाला: सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेलं जेवण द्या.

मला माझी बहीण आठवली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती आधी मुलांना महिन्याचे तीन किलो तांदूळ मोजून द्यायची, पुढे शाळेतच खिचडी शिजू लागली. त्या खिचडीमागे न्यायालय होतं, हे मला इतक्या वर्षांनी चामराजपुरमात कळलं.

तिसऱ्या महिन्यात बाईंचं नाव परत आलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचंच. हक्काचं धान्य मिळालं नाही तर त्याबद्दल भत्ता द्यावा, असंही त्या कायद्यात आहे. वकीलबाई म्हणाल्या, ‘‘त्यासाठी वेगळा अर्ज करू.’’

बाईंनी बोटांवर हिशेब केला. आतापर्यंत सात खेपा, म्हणजे चार घरचे सात खाडे. दोन घरांनी पैसे कापले, एका घरी काम सुटलं. ‘‘साकु, अक्का,’’ त्या म्हणाल्या. पुरे.

चौथं घर माझं. मी खाडे धरले नाहीत. पगार हातात ठेवला तेव्हा बाई दोनदा ‘‘उपकार झाले’’ म्हणाल्या. न्यायालयात त्यांना कुणाचे उपकार मानावे लागले नव्हते.