लोणी ते माना: कामाचा आवाका आणि मूल्य

काय करायचे, कुठून कुठपर्यंत, कोणत्या मापाने मोजायचे आणि काय करायचे नाही, हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरते. तो कामाचा आवाका. मूल्य वेगळे. काम झाल्यावर वापरणाऱ्याच्या पदरात काय पडले, त्यावरून ते ठरते. अमरावती-अकोला रस्त्याने नित्य ये-जा करताना हा फरक मी जवळून पाहिला आहे.

याच रस्त्यावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 53 वर, लोणी ते माना या टप्प्यात 3 जून 2022 रोजी सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी सलग डांबरी काँक्रीट टाकायला सुरुवात झाली. 7 जूनला सायंकाळी 5 वाजता, म्हणजे 105 तास 33 मिनिटांनी, 75 किलोमीटर पूर्ण झाले आणि गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधला, 2019 सालचा, 25.275 किलोमीटरचा होता. इथे 36,634 टन मिश्रण लागले, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे 490 टन. डांबर-खडीचा पुरवठा, पेव्हर, रोलर आणि 720 माणसांच्या पाळ्या यांचा मेळ रात्रंदिवस बसवणे हे मोठेच काम, आणि ते जिद्दीने झाले.

मात्र हे 75 किलोमीटर एका पदराचे. दुपदरी रस्ता धरला तर 37.5. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकक न सांगता पहिलाच आकडा सांगितला की ऐकणाऱ्याला सबंध अमरावती-अकोला रस्ता झाल्यासारखे वाटते. मानाच्या पुढचे मूर्तिजापूर, बोरगाव मंजू या मोजणीत नव्हते. म्हणून आवाक्याच्या कागदात एकक आणि हद्द सर्वांत आधी लिहावी.

विक्रमात मोजला गेला तो फक्त वरचा थर. वऱ्हाडातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावरचा भराव, मुरूम, खडीचे थर आणि पाण्याचा निचरा कच्चा राहिला, तर वरचे डांबर कितीही सफाईने टाकलेले असो, उखडते. ही खालची कामे आवाक्यात नीट मांडली नाहीत, तर पुढे वाढीव कामाचे वाद होतात आणि मुदत लांबते.

मूल्याची मापे रस्त्यावरच्या माणसांकडूनच घ्यावी लागतात: मूर्तिजापूरहून अकोल्याच्या दवाखान्यात रुग्ण किती वेळात पोहोचतो, कापसाची गाडी जिनिंगपर्यंत न अडकता जाते का, बैलगाडीला रस्ता ओलांडायला सुरक्षित जागा आहे का. ही मापे निविदेआधी घेऊन ठेवली, तर मोरी, सर्व्हिस रोड आणि भुयारी मार्ग नेमके कुठे हवेत ते नकाशावर आधीच येते.