गोलात उभा राहणारा

वसतिगृहातल्या वादांना विषय लागत नाही आणि निकाल तर कधीच लागत नाही. परवा मेसमधल्या करपलेल्या भाजीवरून सुरू झालेला वाद रात्री अकरा वाजता हॉकीवर येऊन ठेपला. कुणीतरी म्हणाले, "कॅनडात टोरोंटोला बर्फावरच्या हॉकीतल्या नामवंतांचे कीर्तिमंदिर आहे. आपण आपल्या गोलरक्षकांचे उभारले तर?" जागा तीनच ठरल्या. खोलीत आम्ही चौघे. मी कॉलेजच्या संघाचा गोलरक्षक, म्हणून अध्यक्षपद आपोआप माझ्या गळ्यात पडले.

श्रीजेशबद्दल वादच नव्हता. २०२१ साली टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना अगदी शेवटच्या सेकंदांचा पेनल्टी कॉर्नर त्याने अडवला होता, तो आम्ही सर्वांनी श्वास रोखून पाहिला होता.

दुसरे नाव मी सुचवले, महूच्या शंकर लक्ष्मणचे. हा मराठा लाइट इन्फन्ट्रीतला शिपाईगडी. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत तो पाकिस्तानपुढे उभा राहिला. तिन्ही सामने एकेका गोलाने सुटले. तीन अंतिम सामन्यांत मिळून याने एकच गोल घेतला! चेंडू अडवून अडवून झिजलेल्या त्या पायाला पुढे गँगरीन झाले आणि २००६ साली तो महूलाच वारला. यावर कोणी काही बोलले नाही. जागा मिळाली.

तिसऱ्या जागेवर मात्र घोडे अडले. इतिहासवाल्याने रिचर्ड ॲलनचे नाव पुढे केले. "१९२८ ला ॲम्स्टरडॅमला पाच सामन्यांत एकही गोल नाही! आणि महाराज, जन्म आपल्या नागपूरचा!"

"पुढे ध्यानचंद असताना चेंडू मागे येणार कशाला?" अर्थशास्त्रवाला म्हणाला. "मागणीच नाही, तर पुरवठ्याचे कौतुक काय? १९३२ ला अमेरिकेला २४-१ हरवले, तेव्हाचा तो एक गोल झाला त्या वेळी हा गोलामागे सह्या देत होता, असे सांगतात!"

इतका वेळ पांघरुणात असलेला चौथा तेव्हा म्हणाला, "मीररंजन नेगी."

"सात गोल खाणारा?" अर्थशास्त्रवाला हसला. मग माझ्याकडे पाहून एकदम गप्प झाला.

गेल्या डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात एक साधा चेंडू माझ्या दोन पायांमधून गेला होता. या तिघांनी तेव्हा "होते असे" म्हटले आणि पुन्हा तो विषय कधी काढला नाही. मला त्यांच्या त्या सभ्यतेचाच जास्त त्रास झाला.

चौथा शांतपणे सांगत राहिला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये पाकिस्तानने ७-१ हरवले. नेगीने पैसे खाऊन गोल सोडले, असे लोक उघड बोलू लागले. हा माणूस १९९८ ला गोलरक्षकांचा प्रशिक्षक म्हणून परत आला. त्या वर्षी बँकॉकला कोरियाविरुद्ध टायब्रेकरमध्ये आशिष बल्लाळने स्ट्रोक अडवले आणि सुवर्णपदक आले. त्याआधीचे सुवर्ण १९६६ चे, लक्ष्मण कप्तान असतानाचे.

एक मत ॲलनला, एक नेगीला, अर्थशास्त्र तटस्थ. निर्णायक मत अध्यक्षांचे. मन नेगीकडे ओढत होते. पण खरे सांगू? ते मत नेगीला गेलेच नसते, मला गेले असते. कीर्तिमंदिर कामगिरीचे असते, सोसण्याचे नव्हे. मी ॲलनचे नाव घेतले आणि दिवा मालवला.

झोप मात्र लागली नाही. आघाडीवाल्याच्या दहा चुका मैदानातच विरतात. गोलरक्षकाची एक चूक फलकावर लिहिली जाते. तरी मध्यंतरानंतर त्याला पुन्हा दोन खांबांत जाऊन उभे राहावेच लागते.

सकाळी सहाला दार वाजले. अर्थशास्त्रवाला हातात स्टिक आणि चार चेंडू घेऊन उभा होता. जन्मात कधी आठच्या आत न उठलेला!

"चल," तो म्हणाला, "गोलात उभा राहा. त्या दिवशीचा तो चेंडू कुठून आला होता, दाखव मला."

मी पॅड बांधायला घेतले.