ढिला तंगूस

जिवंत कोलंबी गळाला लावली की माणसाला फारसं काम उरत नाही. ती तडफडते, पाय मारते, पाण्यात वास सोडते. सगळी मेहनत तिचं मरणच करतं. रबरी किड्याचं तसं नाही. पाकिटातून काढला की तो बोटांना तेलकट लागतो, बडीशेपेसारखा वास मारतो आणि बोटावरून नुसता लोंबत राहतो. त्याला जे काही जिणं द्यायचं, ते आपल्या मनगटातून.

रबरी आपण म्हणायचं म्हणून. असतं ते मऊ प्लास्टिक. १९४९ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम नावाच्या गृहस्थाने बायकोला सोबत घेऊन घरच्या स्वयंपाकघरात हे प्लास्टिक शिजवलं आणि साच्यात ओतून गांडूळ केलं. अ‍ॅक्रन तेव्हा टायरांचं गाव. क्रीमच्या डोळ्यांपुढे होता तिकडच्या तळ्यांतला लार्जमाउथ बास. आपल्या खाडीत बास नाही, जिताडा आहे. इंग्रजीत त्यालाही एशियन सी बास म्हणतात, पण दोघांची कुळं वेगळी. रीत मात्र मिळतीजुळती. दोघंही आडोशाला दबा धरतात, भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा भात्यासारखा फाकवतात, आणि पाण्याबरोबर तेही आत ओढलं जातं.

पनवेलच्या बाजूला हा आडोसा शोधायचा तो खारबांधाच्या उघाडीपाशी. भरतीत उघाडीचं झाकण पाण्याच्या दाबाने मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. त्या धारेबरोबर कोलंबी येते, बोयची पिल्लं येतात. धार जिथे संथ पाण्याला घासते त्या रेषेवर, तिवराच्या मुळांच्या सावलीत, जिताडा असला तर असतो.

इथे उघडा गळ टाकला तर पहिल्याच फेकीत मुळात रुतणार. म्हणून टेक्सासची पद्धत. गोळीच्या आकाराचं शिसं तंगुसावर मोकळं सरकतं ठेवायचं, गळ किड्याच्या डोक्यातून घालून फिरवायचा आणि टोक पुन्हा त्याच्याच अंगात लपवायचं. मुळाला लागतं ते नुसतं मऊ अंग; माशाने दाबलं तरच टोक बाहेर येतं. गढूळ पाण्यात मी काळा नाहीतर गडद जांभळा किडा लावतो. रंग दिसायचा नसतोच तिथे, आकृती दिसावी लागते. बाकीची खबर माशाला अंगावरच्या रेषेतून, पाण्याच्या हलण्यावरून कळते.

खरी गोष्ट पुढे आहे. किडा पाण्यात पडला की हात आवरायचा. मासा बहुतेकदा तो खाली जात असतानाच घेतो. तंगूस ताणलेला असेल तर किडा झोका घेत आपल्याकडे येतो, आणि अशी कोलंबी कुणी पाहिलेली नसते. फार सोडला तर चावा कळत नाही. या दोहोंच्या मधला जो ढिलेपणा आहे तो शिकवता येत नाही असं माझं मत आहे. नजर तंगूस पाण्यात शिरतो त्या ठिपक्यावर. तो बाजूला सरकला, किंवा तळ यायच्या आधीच थांबला, की ओढ.

किडा तळाला लागला तर थांबायचं. मग काठीचं टोक वीतभर उचलायचं, पुन्हा सोडायचं. किडा हलवते ती काठी. रीळ फक्त ढिला तंगूस गोळा करतं. आणि या थांबण्यात एक चमत्कारिक प्रकार घडतो. घाबरलेली कोलंबी आता काय करेल? दबून बसेल. किती वेळ? मग कुठे उडी मारेल? फसवायचं असतं जिताड्याला, पण तेवढा वेळ विचार करावा लागतो तो खाल्ल्या जाणाऱ्याचा. जिवंत आमिषाने मला हे कधीच करायला लावलं नाही.

जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार, म्हणून शेवटचा हातभर तंगूस जाड हवा. जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. म्हणजे फोटो काढण्याजोगा मोठा जिताडा बहुधा मादीच. ती परत सोडावी, असं मी बोलतो तेव्हा आमच्याकडे लोक हसतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात तर पिल्लं तळ्यात पोसून मोठी करतात आणि जावयाला, साहेबाला पोचवतात. तिथे परत सोडण्याची भाषा कोण ऐकणार?

फाटलेले किडे मात्र मी खिशात घालून घरी आणतो. आधीच काय कमी प्लास्टिक आहे त्या चिखलात. विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाहच वळवला, डोंगर उतरवला. आता डोक्यावरून विमानं जातात आणि खाली निवट्या उड्या मारतात.

उघाडीवर एक म्हातारे दादूस बसायचे, हातात नुसता तंगूस, काठी नाही. तर्जनीवरून दोरा सोडून डोळे मिटून बसत. माझ्या किड्याकडे पाहून म्हणाले, ‘‘आरं, जिताड्याला काय अक्कल नाय?’’ एकदा मागून घेतला. शिसं काढून मलाच परत दिलं. ‘‘याला शिसं कशाला? पानीच नेल त्याला.’’ गळ त्यांनी किड्याच्या मधोमध घातला, दोन्ही टोकं लटलटत ठेवून, आणि धारेत सोडून दिला. बास धरणारे नेमकं असंच करतात, त्याला त्यांच्याकडे नावही आहे. मी ते सांगायला गेलो, तर त्यांनी हातानेच गप्प केलं. बोटावर काहीतरी लागत होतं.

लागलं ते सुटलं. पण उरलेलं पाकीट त्यांनी ठेवून घेतलं आणि बदल्यात मला चिंबोऱ्या दिल्या, ज्यांना फसवायला कोंबडीचं आतडं पुरतं.