वन-टेन ते वन-फिफ्टी-फाइव्ह, व्हाया पसरणी

पुण्यात स्कूटर म्हणजे वाहन नव्हे, घरातलं माणूस! भाजी तिच्यावर, गॅसचा सिलिंडर तिच्यावर, पहिला जॉब आणि पहिलं ब्रेकअपसुद्धा तिच्यावरच. पण तीच स्कूटर काढून ‘महाबळेश्वरला चाललेय’ म्हणा, लोक असे बघतात की जणू स्लीपर घालून हिमालयात निघालात. मग फुकटचा सल्ला ठरलेला : ‘एवढं फिरायचंय तर बुलेट घे ना!’

खरं तर आपल्या आधीच्या पिढीने हे सगळं करून ठेवलंय. १९७२ मध्ये आलेली बजाज चेतक घेऊन किती जोडप्यांनी घाट चढले असतील, हिशेबच नाही. माझे आई-बाबाही त्यातलेच. टू-स्ट्रोक इंजिन, हातातले चार गिअर, मागे स्टेपनी आणि डिकीत प्लग घासायला पॉलिश पेपर. पसरणी घाटात इंजिन तापलं की थांबायचं, भेळ खायची, पुन्हा किक. वेळ भरपूर होता, ट्रॅफिक कमी होतं.

आता तसं नाही. माझी जुनी ११० सीसीची स्कूटर शहरात एक नंबर, पण वाई सोडून घाट लागला की तिचा सूरच बदलायचा. मागे आई, सीटखाली दोघींचं सामान. थ्रॉटल पूर्ण पिळला तरी काटा तिशीच्या आसपास आणि मागून एसटीचा हॉर्न. गेल्या वर्षी एका वळणावर आई कानाशी येऊन म्हणाली, ‘‘उतरू का गं मी?’’ मी हसण्यावारी नेलं. पण घरी आल्यावर हेल्मेट खुंटीला लावता लावता ती म्हणाली, ‘‘पुढच्या वेळी तू मैत्रिणींबरोबर जा. माझं उगीच वजन कशाला?’’

बास. माझी टूरिंग पार्टनर हातची जाणार होती, तेही एका इंजिनामुळे!

यामागचा फंडा सोपा आहे. वाई साधारण ७०० मीटरवर, महाबळेश्वर १,३७० मीटरच्या आसपास. वर जाल तशी हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद हजार मीटरमागे साधारण दहा टक्क्यांनी घटते. ११० सीसीकडे मुळात आठेक पीएस. त्यातले गेले दहा टक्के, वर दोन माणसं आणि चढ. मग ओव्हरटेकसाठी शिल्लक काय राहणार? घाटात धोका वेगाचा नसतो, अर्धवट झालेल्या ओव्हरटेकचा असतो.

मोठ्या स्कूटरची कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्याच कायनेटिकने २००६ च्या सुमारास १६५ सीसीची ब्लेझ आणली होती. पण तेव्हा ‘स्कूटर म्हणजे मायलेज’ हे समीकरण डोक्यात इतकं पक्कं, की ती फार चालली नाही. मी घेतली ती यामाहा एरॉक्स १५५, भारतात २०२१ मध्ये आलेली. १५ पीएस, म्हणजे आधीच्या जवळपास दुप्पट. लिक्विड कूलिंग, पुढे एबीएस आणि मुख्य म्हणजे १४ इंची चाकं. खड्डा तोच, पण मोठं चाक त्यात पडत नाही, वरून निघून जातं. पाठीला फरक लगेच कळतो.

पैशांचं काय? फ्रीलान्सरला ते विचारू नये! एका फायनान्सवाल्याने सॅलरी स्लिप मागितली, मी छापून आलेले लेख दाखवले. त्याला ते काही भावले नाहीत. शेवटी अडीअडचणीला बाजूला ठेवलेली रक्कम मोडली. बाबा म्हणाले, ‘‘सेकंडहँड कार आली असती की.’’ आली असती. पण पार्किंग, इन्शुरन्स आणि पेट्रोल कोणी भरायचं? आणि गाडी निवडली ती आईने. मागची सीट जरा उंच, म्हणून शोरूममध्ये तिला तीनदा बसवलं, तीनदा उतरवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ‘‘जमेल.’’ मग मी सही केली.

नोव्हेंबरात निघालो. कात्रज, खंबाटकी, सुरूर फाट्यावरून उजवीकडे, वाई. पसरणीत त्याच चढावर एका ट्रकच्या मागे होते. पुढचा रस्ता मोकळा दिसला, मनगट वळवलं आणि ट्रक आरशात! आई काहीच बोलली नाही. ती चक्क खाली धोमचं पाणी बघत होती.

सगळंच गोड आहे असं नाही हं. पाय ठेवायच्या जागी मधोमध कणा आहे, त्यामुळे सिलिंडर आणि भाजीची मोठी पिशवी विसरा. टाकी फक्त साडेपाच लिटरची. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर होतात, म्हणून वाईत पेट्रोल भरायचंच. वेळही जेमतेम वीस मिनिटं वाचतो. आणि उतारावर एक लक्षात ठेवा : वेग फारच कमी झाला की गिअरलेस स्कूटरचा क्लच सुटतो आणि इंजिनाचा ब्रेक जातो. मग सगळा भार ब्रेकवर. हलका थ्रॉटल ठेवा, ब्रेक दाबून न धरता थोडा थोडा लावा.

मग एवढा खर्च कशासाठी? माझं उत्तर वेण्णा लेकवर मिळालं. मक्याचं कणीस खाता खाता आईने विचारलं, ‘‘इथून प्रतापगड किती?’’

‘‘चोवीसेक किलोमीटर. पण आंबेनळी घाट आहे, आई.’’

‘‘मग?’’ ती म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा लावायला लागली.