अकरा महिन्यांचं घर

गेल्या डिसेंबरात एका शुक्रवारी रात्री मुंब्र्याहून मामूंचा फोन आला. त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक वन बीएचके रिकामं होत होतं. भाडं साडेआठ हजार, डिपॉझिट चाळीस हजार. "रविवारपर्यंत काय ते सांगा. सोमवारी दुसरं कुणीतरी येऊन बसेल," एवढं बोलून मामूंनी फोन ठेवला.

आम्ही दोघं जोगेश्वरी पूर्वेला एका जुन्या सोसायटीत वन-रूम-किचनमध्ये राहतो. भाडं एकोणीस हजार. आमच्यापैकी एकीची नोकरी उर्दू माध्यमाच्या माध्यमिक शाळेत, शिक्षणसेवक म्हणून. २०२३ साली सरकारने शिक्षणसेवकांचं मानधन वाढवलं तेव्हा माध्यमिकच्या आठ हजारांचे अठरा हजार झाले. तीन वर्षं या मानधनावर काढायची, मग वेतनश्रेणी. म्हणजे शाळेचा सगळा पैसा घरभाड्याला दिला तरी वरून एक हजार घालावे लागतात. दुसऱ्याची नोकरी ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातल्या एका दुकानात, हिशेब लिहिण्याची. दिवाळीनंतर तिथला धंदा बसला आणि पगार बावीस हजारांवरून पंधरावर आला. हातात तेहतीस, त्यातले एकोणीस घराला. उरलेल्या चौदा हजारांत किराणा, वीज, मुलीची फी आणि गावाकडे अम्मींची औषधं. मामूंचा फोन आला तेव्हा आम्हाला वाटलं, अल्लाहने दार उघडलं.

मग कपाटातून करार काढला.

तो करार आम्ही केला तेव्हा वाचला नव्हता, हे कबूल करायला शरम वाटते. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला होता. फोटो काढला, अंगठे घेतले, दहा मिनिटांत नोंदणी. कागद इंग्रजीत होता. शाळेत मुलांना 'मुआहदा' हा शब्द शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःचा मुआहदा न वाचताच त्यावर अंगठा दिला होता. त्या रात्री शब्दकोश घेऊन बसलो आणि एकेक कलम मराठीत लिहून काढलं.

कागदाचं नाव 'लीव्ह अँड लायसन्स'. या कागदाने आपण भाडेकरू होत नाही, परवानाधारक होतो. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या चाळींतल्या भाडेकरूंना जे संरक्षण दिलं, ते आपल्याला नाही. मालक घर द्यायला तयार होतो तो त्याच भरवशावर. आणि हा अकराचा आकडा? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोक अकरा महिन्यांचे कागद करून नोंदणी टाळत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने ती पळवाट बंद केली. आता मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवून घेणं ही मालकाची जबाबदारी. पळवाट गेली, अकराचा आकडा तेवढा राहिला. आमचा करार दोन अकरांचा होता, बावीस महिन्यांचा, १ ऑगस्टपासून. त्यात एक कलम 'लॉक-इन'चं. पहिल्या अकरा महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, घर सोडलं तर पंचाहत्तर हजारांचं डिपॉझिट परत मिळणार नाही. त्यानंतर एक महिन्याची नोटीस दिली की मोकळे.

रात्री एक वाजेपर्यंत वहीत हिशेब मांडला. दोन्ही भाड्यांतला फरक महिन्याला साडेदहा हजार. आता गेलो तर जूनअखेरपर्यंतच्या सहा महिन्यांत त्रेसष्ट हजार वाचतील. पण डिपॉझिटचे पंचाहत्तर हजार जातील. टेम्पोचं भाडं आणि नव्या कराराचा खर्च आज गेलो काय किंवा जूनमध्ये गेलो काय, सारखाच. म्हणजे घाई केली तर बारा हजारांचं नुकसान. पहिल्यांदा लक्षात आलं की आमचा प्रश्न घर सोडायचं की नाही हा नव्हताच. कधी सोडायचं, एवढाच होता.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या एका वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती आपोआप मालकाची होत नाही. कोर्ट त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं. समजा महिन्याभरात मालकिणीला दुसरी माणसं मिळाली, तर तिचं नुकसान एक महिन्याचं भाडं आणि एजंटची दलाली, म्हणजे अडतीस हजारांच्या आसपास. तसं झालं तर आमचा हिशेब उलटतो, पंचवीस हजार आमच्या बाजूला उरतात. "पण त्यासाठी कोर्टात कोण जाणार?" असं विचारून ते हसले.

कोर्टाशिवायचा रस्ता दाखवणारे मात्र पुष्कळ भेटले. दुकानातल्या एकाने सांगितलं, "चार महिने भाडंच देऊ नका. डिपॉझिट भाड्यात वळवा आणि चावी शेजारी ठेवून निघून जा. म्हातारी काय करणार आहे?" हिशेबाने तो बरोबर होता. पंचाहत्तरला एकोणीसने भागलं की चार महिने होतात. खोटं कशाला बोलावं, एक अख्खा दिवस आम्ही दोघं त्या सल्ल्याभोवती घुटमळलो.

रविवारी मुंब्र्याला गेलो. घर चांगलं होतं. हॉल, वेगळी बेडरूम, खिडकीतून पारसिकचा डोंगर. नाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही, ही गोष्टही आम्हाला घराइतकीच मोठी वाटली. जोगेश्वरीत घर शोधताना आम्ही किती दारं पाहिली ते मोजणं मधेच सोडून दिलं होतं. फोनवर घर रिकामं असायचं, नाव सांगितलं की सोसायटीची अडचण निघायची. २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सहकारी संस्था आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते असा निकाल दिला. तो खटला सभासदत्वाचा होता, भाड्याच्या घराचा नाही. पण एजंट लोक 'सोसायटीचा नियम' एवढं म्हणून मोकळे होतात. जोगेश्वरी पूर्वेत तर १९९२ चा डिसेंबर आणि १९९३ ची जानेवारी यांनी गल्ल्यांच्या हद्दी पक्क्या केल्या. त्या दिवसांत दोन्हीकडची माणसं गेली, श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ च्या अहवालात ते नोंदलेलं आहे. त्यानंतर कितीतरी मुसलमान घरांनी मुंबई सोडून मुंब्रा गाठलं. मामू त्यांतलेच. त्यामुळे ज्या गावाने आपल्या माणसांना छप्पर दिलं त्याला नावं ठेवण्याचा आमचा हेतू नाही.

तरी तिथे उभं राहून दोन गोष्टी विचाराव्या लागल्या. पहिली, इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र आहे का? मामू गप्प राहिले. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा बांधलेली इमारत कोसळून ७४ माणसं गेली, हे आम्हाला आठवत होतं आणि त्यांनाही. भाडं स्वस्त असण्याची जी कारणं असतात त्यांतलं हे एक. दुसरी गोष्ट प्रवासाची. शाळा सकाळी सातची. मुंब्र्याहून दादर, दादरला गाडी बदलून जोगेश्वरी, म्हणजे पाचच्या आधी घर सोडायला हवं. मुलीला कुणाकडे ठेवायचं? संध्याकाळी दुकानातून परतणाऱ्याने त्याच गर्दीत उभं राहायचं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर खचाखच भरलेल्या लोकलच्या दारातून माणसं खाली पडली, काही जिवानिशी गेली. तेव्हापासून त्या वळणाची भीती मनात बसली आहे.

आणि मुलीची शाळा. ती तिसरीत आहे. डिसेंबरात शाळा बदलणं म्हणजे काय, हे आमच्यापैकी एकीला वर्गात उभं राहून माहीत आहे. दरवर्षी पटावरची दोन-तीन नावं वर्षाच्या मधेच कमी होतात. विचारलं तर सोबतची मुलं सांगतात, "मॅडम, उसका घर का अग्रीमेंट खतम हो गया." शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, अकरा महिने कुठेही संपतात. भाड्याच्या घरातल्या मुलाचा अभ्यास या दोन कॅलेंडरांच्या मधे सापडतो. ज्यांची नावं कमी होतात त्यांतली काही नव्या जागी शाळेत जातात, काहींचा दाखला न्यायलाही कुणी येत नाही.

मामूंना आम्ही त्याच संध्याकाळी नाही म्हणून सांगितलं. त्यांना राग आला. "तिथल्या बाईचं एवढं काय पडलंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. आम्ही म्हणालो, "मामू, आपण असं निघून गेलो तर ती पुन्हा कुठल्या मुसलमानाला घर देणार नाही." त्या क्षणी उत्तर योग्य वाटलं. परतीच्या गाडीत मात्र आम्हालाच ते खटकलं. एका माणसाने भाडं बुडवलं तर तो त्या माणसाचा दोष. आपण मुसलमान म्हणून भाडं वेळेवर द्यायचं आणि बुडवणारा दुसरा असला तर त्याच्या धर्माची चर्चाही नाही, हा उलटा हिशेब आपणच का मान्य करायचा? आम्ही कौमचे वकील नाही. सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या हुकमाने होते. तिथे समोरचा माणूस कोण आणि तो आपल्याबद्दल काय मत करून घेईल, ही अट घातलेली नाही. शब्द दिला म्हणून पाळायचा, एवढंच. आणि पाळणं जमत नसेल तर तोंड लपवायचं नाही, समोर जाऊन सांगायचं.

पुढच्या रविवारी आम्ही घरमालकीण काकूंना भेटायला बदलापूरला गेलो. त्या एकट्या, सत्तरीच्या. जोगेश्वरीचं घर भाड्याने देऊन त्या स्वतः तिथे सहा हजारांच्या भाड्याच्या खोलीत राहतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मधल्या तेरा हजारांत त्यांचा महिना चालतो. म्हणजे आम्ही जे करू पाहत होतो, ते त्या आधीच करून बसल्या होत्या.

चहा झाला. आम्ही पगाराची गोष्ट सांगितली, लॉक-इनचं कलम दाखवलं. त्यांनी चष्मा लावून कागद लांब धरला.

"बाई, हे मी नाही हो लिहायला सांगितलं. एजंट म्हणाला, सगळ्यांच्यात असतं."

"आम्हीही वाचलं नव्हतं, काकू."

"आणि डिपॉझिट लगेच मागाल तर माझ्याकडे नाहीये. डोळ्याच्या ऑपरेशनला खर्च झालं. खोटं सांगत नाही तुम्हाला."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. भाडं कमी करण्याची गोष्ट आमच्या ओठांवर होती, ती तिथेच राहिली. शेवटी आम्ही विचारलं ते एवढंच: ३० जूनऐवजी ३१ मेला सोडलं तर चालेल का? मुलीचं वर्ष पूर्ण होईल आणि नव्या शाळेत जूनमध्ये नाव घालता येईल. दोन महिने आधी, मार्चअखेर, आम्ही पक्कं सांगू. घर बघायला येणाऱ्यांना दार उघडून दाखवू. डिपॉझिट दोन हप्त्यांत दिलं तरी चालेल. काकूंनी बोटांवर महिने मोजले.

"मेमध्ये गिऱ्हाईक मिळतं," त्या म्हणाल्या. "लोक सुट्टीतच घरं बदलतात. चालेल. पण लिहून ठेवू या. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी विसरते."

वहीच्या कागदावर मराठीत लिहिलं, दोघांच्या सह्या झाल्या. नोंदवलेल्या करारापुढे त्या कागदाचं कायद्यात वजन किती, ते वकीलसाहेब सांगतील. पण त्यातला प्रत्येक शब्द दोन्ही बाजूंनी वाचला होता.

मुंब्र्याचं घर सोमवारीच गेलं. घरी संध्याकाळी दहावीच्या पाच मुलांची शिकवणी सुरू केली आहे, त्यातून खर्चाचा थोडा भाग निघतो. उरलेली ओढाताण चालूच आहे, ती गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मेनंतर कुठे जाणार तेही ठरलेलं नाही. पश्चिमेला बेहरामबागेत एखादी चाळीतली खोली मिळाली तर शाळा आणि दुकान दोन्ही पायी गाठता येतील, म्हणून सुट्टीच्या दिवशी तिकडे फिरतो. नव्या घराचा करार जेव्हा होईल तेव्हा एजंटला दहा मिनिटं नव्हे, एक रात्र थांबावं लागेल. कागद आम्ही घरी आणू, मराठीत उतरवू, आणि मुदत मेच्या अखेरीला संपते की नाही ते सगळ्यात आधी पाहू.