सक्तीची विश्रांति

माझ्या मुलीनें ह्यूस्टनमध्यें निराधार कुत्र्यांच्या आश्रमांतून बंडूला घरीं आणलें, तेव्हां तो धडधाकट दिसत होता. रक्ताच्या तपासणीनें मात्र त्याच्या हृदयांत जंत असल्याचें दाखविलें. टेक्सासच्या त्या दमट भागांत डासांना तोटा नाहीं, आणि हा रोग डासच पसरवितात. त्यांच्या दंशाबरोबर सूक्ष्म अळ्या कुत्र्याच्या अंगांत शिरतात. सहा-सात महिन्यांत त्यांचे शेवयांसारखे जंत होऊन ते फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत व हृदयांत बिऱ्हाड करतात. मादी तर वीतभराहून लांब!

उन्हाळ्याच्या सुटींत मी तेथें गेलों तेव्हां औषधाची पहिली टोंचणी व्हावयाची होती. हें औषध सोमलापासून केलेलें. कमरेच्या स्नायूंत खोल टोंचतात. एकदां टोंचल्यावर महिनाभर थांबावयाचें, मग लागोपाठ दोन दिवस पुन्हां. जंत मेले कीं संपलें, अशी माझी समजूत. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धोका पुढेंच आहे." मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसांत अडकतात, अशा वेळीं कुत्रा धांवला तर प्राणावर बेततें.

बंडूला धांवूं न देण्याचें काम अर्थातच माझ्याकडे आलें. तीस वर्षें मुलांना वर्गांत स्वस्थ बसविलेल्या माणसास हें जड जाऊं नये. पण बंडूला माझ्या पदव्यांची पर्वा नव्हती. खिडकींतून खार दिसली कीं तो थरथरे, आणि धडधड माझ्या छातींत होई. मुलीला पाहून तो उडी घेई, म्हणून ती बिचारी संध्याकाळीं मागच्या दारानें चोरासारखी घरांत येई.

हा सारा खटाटोप महिन्याकांठीं एका गोळीनें टळला असता. ती नुकत्याच शिरलेल्या अळ्या मारते. वाढलेल्या जंतांपुढें तिचें फारसें चालत नाहीं. अशा गोळ्यांत पुष्कळदां असणारें आयव्हरमेक्टिन ज्या सूक्ष्म जंतूपासून निघालें तो जपानच्या मातींत सापडला. त्या कार्यासाठीं ओमुरा व कॅम्बेल यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मी मात्र पूर्वीं असल्या गोळ्यांना श्रीमंतांचे चोचले म्हणत असें.

शेवटच्या टोंचणीनंतर आठवड्यानें एके रात्रीं बंडू खोकूं लागला. मुलगी फोनवर बोलत होती. मला आमचा पुण्याचा मोत्या आठवला. अखेरच्या वर्षीं तोहि असाच खोके, पर्वतीच्या पायऱ्यांवर मध्येंच बसे, आणि मी त्याला 'आळशी' म्हणून ओढीत असें. हे जंत आपल्या देशांत मुख्यतः ईशान्येकडे आढळतात. मोत्याला ते होते असें म्हणण्यास मला आधार नाहीं. पण त्याच्या छातीला कोणीं कान लावला नाहीं, एवढें खरें.

बंडूला त्या रात्रींच औषध मिळालें, आणि तो सांवरला. नऊ महिन्यांनीं झालेल्या तपासणींत त्याचें रक्त निर्दोष निघालें. परवां मुलीनें छायाचित्र पाठविलें आहे: खार झाडावर, आणि बंडूचे पुढचे दोन्ही पाय बुंध्यावर.